पृथ्वीच्या उंबरठ्यावर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की, तीस वर्षे कामगार-संघटनेत घालविलेला माणूस बोनसवर बोलेल, फार तर नव्या कामगार-कायद्यांवर बोलेल. आम्ही विषय कळविला तो असा : पृथ्वीच्या चुंबकीय सीमेवरील वेगवान इलेक्ट्रॉन. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला. त्यांनी मोठ्या अदबीने विचारले, "हा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतील कामगारांचा प्रश्न आहे काय?" आम्ही म्हटले, "नाही, प्रश्न आकाशातला आहे. पण त्याची झळ जमिनीवर लागते."

हा विषय आम्हांस का घ्यावासा वाटला, ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही यंत्रमागांच्या गावात वाढलो. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तरुणपणी एका कारखान्यात काम करीत असता तेथे एक नवे यंत्र आले. ते कसे चालते, असे आम्ही विचारले. व्यवस्थापक म्हणाले, "तुम्हांला ते चालवावयाचे आहे; समजून कशाला घ्यावयाचे?" ते वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही. ज्या गोष्टीवर आपले जगणे अवलंबून आहे ती समजून घेण्याचा अधिकार फक्त मालकाचा किंवा पंडिताचा, ही कल्पनाच आम्हांस मान्य नाही. आपल्या घरातले दूरदर्शन, वादळाचा इशारा, मच्छीमाराच्या होडीतले दिशादर्शक यंत्र, ही सारी आज उपग्रहांच्या आधाराने चालतात. ते उपग्रह ज्या प्रदेशात फिरतात तेथे काय चालले आहे, हे विचारण्याचा अधिकार या मांडवातल्या प्रत्येकाचा आहे. आम्ही ते जितके समजून घेतले तितके आपल्यापुढे ठेवतो.

आपण लहानपणी शिकलो की, पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि पृथ्वी व सूर्य यांच्यामध्ये पोकळी आहे. यांतले पहिले विधान खरे आहे. दुसरे मात्र तितकेसे खरे नाही. त्या पोकळीतून सूर्याकडून एक वारा अहोरात्र वाहत असतो. त्यात हवा नाही. सुटे इलेक्ट्रॉन आहेत आणि मुख्यतः हायड्रोजनच्या अणूंची सुटी केंद्रे आहेत. अशा सुट्या विद्युत्भारित कणांच्या समुदायाला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अर्विंग लँगम्युर या शास्त्रज्ञाने १९२८ साली रूढ केले. हा सौरवारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो आणि सूर्यापासून आपल्यापर्यंतचे पंधरा कोटी किलोमीटर अंतर चारएक दिवसांत कापतो. तो विरळ किती म्हणाल, तर या मांडवातल्या एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू आहेत. सौरवाऱ्याच्या तेवढ्याच जागेत सुमारे पाच कण असतात.

हा वारा आहे असे १९५८ साली अमेरिकेतील यूजीन पार्कर यांनी गणिताने मांडले, तेव्हा ते तिशीतले तरुण होते. त्यांचा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला त्याच्या दोन्ही परीक्षकांनी तो नापसंत केला. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटली नव्हती. परंतु परीक्षकांना गणितात एकही चूक दाखविता आलेली नाही, हे पाहून त्यांनी लेख छापला. पुढे १९६२ साली मरीनर-२ हे यान शुक्राकडे जात असता त्याने वाटेत हा वारा महिनोन्‌महिने मोजला आणि वाद मिटला. आपल्या मताविरुद्ध असलेल्या माणसाचे म्हणणे, त्यात खोट सापडत नाही म्हणून, सभेपुढे येऊ द्यावयाचे, ही सभाशास्त्रातली मोठी गोष्ट आहे. आमच्या संघटनांनाही ती नेहमी साधते असे नाही.

आता हा वारा पृथ्वीच्या चुंबकत्वाशी भिडतो तेव्हा काय होते ते पाहू. सोयीसाठी आपण आपल्या जुन्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. बाहेर रस्ता, मग ओसरी, मग उंबरठा, आणि आत घर. रस्ता म्हणजे सौरवारा. पृथ्वीच्या मध्यापासून सूर्याच्या दिशेने सुमारे ९० हजार किलोमीटरवर या वाऱ्याला पहिली ठेच लागते. तेथे तो एकदम मंदावतो, तापतो आणि दोन्ही बाजूंना वळू लागतो. ही ओसरीची पायरी. तेथून आत, सुमारे ६४ हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या दहा त्रिज्यांइतक्या अंतरावर, उंबरठा आहे. त्याला आपण चुंबकसीमा म्हणू. उंबरठ्याच्या आत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे राज्य. रात्रीच्या बाजूला हेच घर एखाद्या लांब शेपटीसारखे चंद्राच्याही पलीकडे ओढले गेलेले आहे.

हा उंबरठा कोणी घातला? येथे या विषयाचे मर्म आहे. तो दगडाचा नाही, लाकडाचा नाही. पृथ्वीचे चुंबकत्व अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत जाते. दसपट दूर गेले की ते हजारपट क्षीण होते. विषुववृत्तावर ते सुमारे ३० हजार नॅनोटेस्ला असेल, तर त्या सीमेपाशी एकट्या पृथ्वीच्या वाट्याचे अवघे तीसच्या आसपास उरते. इतक्या क्षीण क्षेत्रातही वाऱ्यातला विद्युत्भारित कण शिरला की तो वळतो. परंतु धन कण एका बाजूला वळतात व ऋण कण दुसऱ्या बाजूला. दोघे विरुद्ध दिशांनी गेले म्हणजे विद्युत्प्रवाह झाला. त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते. ते उंबरठ्याच्या बाहेर पृथ्वीच्या चुंबकत्वाला जवळजवळ खोडून टाकते आणि आत त्याची जवळजवळ दुप्पट करते. सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी हे १९३१ सालीच, एकही उपग्रह नसताना, कागदावर दाखविले होते.

म्हणजे पहा, ज्या कणांना अडवावयाचे त्या कणांच्याच वळण्यातून ती सीमा उभी राहते. शिवाय हे कण एवढे विरळ आहेत की, सौरवाऱ्यातला इलेक्ट्रॉन सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येईतो दुसऱ्या कणावर क्वचितच आदळतो. एकमेकांना धक्काही न लावता, केवळ प्रत्येकाच्या विद्युत्भाराचा सर्वांवर परिणाम होतो म्हणून, ते समुदायाने वागतात. संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते आम्ही सांगावयास नको. ही सीमा कायमची बांधून ठेवलेली नाही. ती क्षणोक्षणी घडत असते. वारा जोराचा आला की ती आत सरते, मंदावला की बाहेर जाते.

आता आतल्या रहिवाशांकडे वळू. सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. दहा व्होल्टच्या विद्युत्दाबातून गेलेल्या इलेक्ट्रॉनला जेवढी मिळते तेवढी. जुन्या पेटीसारख्या रंगीत टीव्हीच्या काचनळीत इलेक्ट्रॉनला २० ते २५ हजार व्होल्टांचा धक्का मिळत असे. पृथ्वीच्या चुंबकीय घरात मात्र चाळीस हजारांपासून दहा लाख आणि त्याहूनही अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आहेत. दहा लाखवाल्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या शेकडा ९४ इतका असतो. आमच्या व्याख्यानातले 'वेगवान' हे विशेषण यांच्यासाठी आहे.

यांचा शोध कसा लागला ती हकीकत मजेची आहे. १९५८ च्या आरंभी एक्सप्लोअर-१ हा उपग्रह गेला. त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांनी कण मोजणारे एक यंत्र बसविले होते. उपग्रह उंच गेला की यंत्र मुके होई; आकडा शून्य. मार्च महिन्यात एक्सप्लोअर-३ गेला, त्याचेही तेच. कण नाहीत म्हणून शून्य येते, असे कोणी म्हणाले असते तर ते वरवर बरोबर दिसले असते. परंतु व्हॅन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले की, कण इतके आहेत की मोजणाऱ्याला श्वास घ्यावयास फुरसत मिळत नाही, म्हणून तो गप्प आहे. कामगार गप्प आहेत म्हणजे तक्रार नाही, असे समजणारे काही लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पृथ्वीभोवती कणांचे पट्टे असल्याचे व्हॅन ॲलन यांनी जाहीर केले तो दिवस होता १ मे १९५८. कामगारदिनी जाहीर झालेला हा शोध आम्हांस विशेष जवळचा वाटतो, हे आम्ही लपवीत नाही.

हे इलेक्ट्रॉन या घरात कसे हिंडतात? त्यांच्या तीन गती एकाच वेळी चालू असतात. या गावात यंत्रमाग पाहिलेला नाही असा मनुष्य विरळा, म्हणून आम्ही मागाच्याच भाषेत सांगतो. पहिली गती चातीची. इलेक्ट्रॉन चुंबकरेषेभोवती गरगर फिरतो. चुंबकरेषा म्हणजे चुंबकत्वाची दिशा दाखविणारी, आपण मनाने काढलेली रेघ. आपले दळणवळणाचे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तेथे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे हजार गिरक्या घेतो. दुसरी गती धोट्याची. गिरक्या घेत तो रेषेवरून उत्तरेकडे जातो, ध्रुवाकडे रेषा दाटत जातात व चुंबकत्व वाढते, तेथून तो परततो आणि दक्षिणेकडे धावतो, तेथूनही परततो. ही एक खेप अर्ध्या-पाऊण सेकंदात होते. तिसरी गती कापडाची. धोटा इकडून तिकडे धावत असता कापड सावकाश पुढे सरकते, तसा हा इलेक्ट्रॉन बाजूला, पूर्वेकडे, सरकत राहतो : मध्यरात्रीच्या बाजूकडून पहाटेकडे, पहाटेकडून दुपारकडे. पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालावयास त्याला दहाएक मिनिटे पुरतात.

चाती, धोटा आणि कापड या तिन्ही गती ठीक चालल्या तर इलेक्ट्रॉन घरात दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे कोंडलेला राहतो. प्रश्न उठतो तो उंबरठ्यापाशी. एवढा चपळ कण उडी मारून सीमा का ओलांडीत नाही? तर गिरकी लहान पडते म्हणून. सीमेपाशी चाळीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनच्या गिरकीची त्रिज्या पंधरा किलोमीटरच्या आसपास असते. सीमेची जाडी मात्र कित्येक शेकडे किलोमीटर असते. एका गिरकीत तो पलीकडे जाऊच शकत नाही. तरीही उंबरठ्याबाहेर, ओसरीवर, असे वेगवान इलेक्ट्रॉन सापडतात. १९७० साली मेंग व अँडरसन यांनी सीमेला लागून त्यांचा एक थरच दाखवून दिला. मग ते बाहेर पडतात कोठून?

पहिली वाट सरकत जाण्याची आहे. सौरवाऱ्याच्या दाबाने दिवसाच्या बाजूचे चुंबकत्व दाटलेले असते, रात्रीच्या बाजूचे सैल असते. इलेक्ट्रॉनची गिरकी जर रेषेला काटकोनात असेल, तर तो सरकताना सारख्याच बळाच्या चुंबकत्वाची वाट धरून चालतो. रात्रीच्या बाजूला ज्या अंतरावर त्याला ते बळ मिळत होते, तेच बळ दुपारच्या बाजूला अधिक बाहेर मिळते. म्हणून मध्यरात्री घराच्या खोलवर असलेला इलेक्ट्रॉन दुपारपाशी येईतो बाहेर सरकतो. एखादे वेळी वारा जोराचा येतो, सीमा आत ढकलली जाते, आणि त्याची नेहमीची वाटच उंबरठ्याबाहेर पडते. तो आपल्या रोजच्या मार्गाने चालत असतो. मार्गच घराबाहेर गेलेला असतो. मग तो परत येत नाही.

याने एक जुने कोडे सुटावयास मदत झाली. १९६० नंतरच्या दशकापासून शास्त्रज्ञांना दिसत होते की, चुंबकीय वादळ सुरू झाले की बाहेरच्या पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन काही तासांत नाहीसे होतात. ते खाली वातावरणात पडतात की बाहेर अवकाशात जातात, यावर अनेक वर्षे वाद चालला. २००७ साली थेमिस नावाचे पाच उपग्रह एकाच वेळी सोडले गेले. त्यांच्या व इतर उपग्रहांच्या नोंदी ताडून पाहून २०१२ साली डृ टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, त्यांनी तपासलेल्या वादळात बहुतेक इलेक्ट्रॉन चुंबकसीमेतून बाहेर गेले होते. एकाच उपग्रहाला हे कळले नसते. एक साक्षीदार 'माणसे दिसेनाशी झाली' एवढेच सांगतो. ती कोणत्या दाराने गेली हे ठरविण्यासाठी प्रत्येक दाराशी एकेक साक्षीदार लागतो.

दुसरी वाट अधिक नाट्यमय आहे. ती सांधण्याची वाट. सौरवारा आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकत्व थोडेसे घेऊन येतो. उंबरठ्याच्या आत दिवसाच्या बाजूला पृथ्वीची चुंबकरेषा उत्तरेकडे रोखलेली असते. वाऱ्यातली रेषा जर दक्षिणेकडे रोखलेली असेल, तर दोन विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जातात. अशा जागी दोन्ही रेषा तुटतात आणि एकीचे टोक दुसरीच्या टोकाला सांधले जाते. मागावर ताण्याचे दोन धागे तुटले आणि घाईत याचे टोक त्याला बांधले, तर काय गोंधळ होतो हे विणकराला ठाऊक आहे. येथेही तसेच होते. आतापर्यंत दोन्ही टोकांनी पृथ्वीला बांधलेली रेषा आता एका टोकाने पृथ्वीत आणि दुसऱ्या टोकाने थेट सौरवाऱ्यात अशी होते. जिच्यावर इलेक्ट्रॉनचा धोटा फिरत होता तिचे एक टोकच उघडे पडले. चाळीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखावर किलोमीटर धावतो. उघड्या टोकाने बाहेर पडावयास त्याला सेकंद-दोन सेकंद पुरतात. त्याच वाटेने बाहेरचे कण व बाहेरची ऊर्जा आत येते. वाऱ्यातली रेषा उत्तरेकडे रोखलेली असली, तर समोरचा हा दरवाजा बहुतांशी बंद असतो. ही कल्पना जेम्स डंगी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली.

कल्पना मांडली गेली, तिचे परिणामही दिसले. परंतु प्रत्यक्ष सांधा जेथे तुटतो-जुळतो ती जागा कोणी आतून पाहिली नव्हती. कारण ती जागा अवघी काही किलोमीटरांची, आणि सीमा तर सेकंदाला कितीतरी किलोमीटर मागेपुढे होणारी. तिच्या शोधाची कथा धीराची आहे. युरोपने 'क्लस्टर' नावाचे चार उपग्रह तयार केले. ४ जून १९९६ रोजी त्यांना नेणारा अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटला. चारही उपग्रह गेले. ज्यांनी ते वर्षानुवर्षे खपून बनविले होते त्या तंत्रज्ञांनी पुन्हा चार बनविले आणि २००० साली ते कक्षेत गेले. उंबरठ्याच्या बाजूच्या भागावर, नदीच्या पाण्यावर वाऱ्याने लाटा उठाव्यात तशा लाटा उठतात आणि त्यांचे पृथ्वीहून मोठे भोवरे होतात, हे त्यांनीच स्पष्ट दाखविले. त्या भोवऱ्यांतही आतले आणि बाहेरचे कण मिसळतात. ही तिसरी वाट.

मग मार्च २०१५ मध्ये अमेरिकेने आणखी चार उपग्रह पाठविले. ते त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडसारखी रचना करून, एकमेकांपासून कधी अवघ्या दहा किलोमीटरवर राहून उडत. आधीच्या यंत्रांना इलेक्ट्रॉनांचे एक पूर्ण चित्र घ्यावयास तीन-चार सेकंद लागत. ही यंत्रे सेकंदाच्या शंभर भागांपैकी तीन भागांत ते घेत. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी हे चारही उपग्रह दिवसाच्या बाजूच्या उंबरठ्यावर नेमके त्या सांध्याच्या जागेतून गेले. इलेक्ट्रॉन तेथे आपली चुंबकरेषा सोडून देतात; त्यांच्या वेगांचा आलेख मांडला तेव्हा त्याला चंद्रकोरीचा आकार आला. गणिताने असा आकार आधी सुचविला होता. तो प्रत्यक्ष दिसल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. डंगी यांच्या कल्पनेला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.

येथे वेगवान इलेक्ट्रॉनांचे एक वेगळे काम सांगितले पाहिजे. ते स्वतः निरोप्ये आहेत. एखादी रेषा दोन्ही टोकांनी पृथ्वीला बांधलेली आहे की एका टोकाने उघडी आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. ती तर मनाने काढलेली रेघ. पण उपग्रहाने पाहिले की, तिच्यावर इलेक्ट्रॉन उत्तरेकडूनही येत आहेत आणि दक्षिणेकडूनही तितकेच येत आहेत, तर समजावे की रेषा दोन्हीकडे बांधलेली आहे, कण परतत आहेत. सगळे एकाच दिशेने निघून चालले असतील, तर समजावे की दुसरे टोक उघडे आहे. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून आम्हीही असेच ताडतो. पाळी बदलताना माणसे आत जातात आणि बाहेर येतात. नुसती बाहेरच येऊ लागली, तर आत काहीतरी घडले आहे.

आता कोणी विचारील, साठ-सत्तर हजार किलोमीटरांवर इलेक्ट्रॉन आत राहिले काय, बाहेर गेले काय, आमच्या भाकरीशी त्याचा संबंध काय? संबंध आहे. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पत्र्यातून आत शिरतात, आतल्या तारांच्या वेष्टणात साचतात, आणि साठा मर्यादेबाहेर गेला की ठिणगी पडते. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचा अनिक ई-१ हा उपग्रह एकाएकी दिशा हरवून बसला. थोड्याच वेळात त्याचा जोडीदार अनिक ई-२ हाही. दूरध्वनी, दूरदर्शन, वृत्तपत्रांकडे जाणाऱ्या बातम्या खोळंबल्या. दूर उत्तरेकडील वस्त्यांना त्याची विशेष झळ बसली. पहिला काही तासांत सावरला; दुसऱ्याला ताळ्यावर आणावयास काही महिने लागले. आदल्या काही दिवसांत वेगवान इलेक्ट्रॉनांची संख्या फार वाढलेली होती. आपले इन्सॅट व जीसॅट उपग्रहही त्याच ३६ हजार किलोमीटरांच्या उंचीवरचे. मोठ्या वादळात उंबरठा त्यांच्याही आत ढकलला जातो आणि काही काळ ते चक्क घराबाहेर पडतात. १० मे २०२४ रोजी असेच मोठे वादळ झाले. त्या रात्री लडाखातील हानले येथे आकाश लाल झालेले दिसले.

म्हणून पहारा हवा. आणि पहाऱ्याच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राला सांगण्यासारखे काही आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० नंतरच्या दशकात सुरू झाल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळले. कुलाब्यात त्या वेळी आपोआप नोंद होण्याची सोय नव्हती. माणसाने यंत्रापाशी उभे राहून, डोळ्यांनी वाचून, हाताने लिहावयाचे. शंभर नॅनोटेस्लांची घसरण झाली तरी तज्ज्ञ मोठे वादळ म्हणतात. त्या दिवशी कुलाब्याच्या वहीत सुमारे १६०० ची घसरण लिहिली गेली. कल्पना करा, ज्याने तो आकडा वाचला त्याला यंत्र बिघडले असेच वाटावयाचे. तरी त्याने जे दिसले ते लिहिले. १४४ वर्षांनी, २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि त्या वादळाचे बळ किती होते याचा अंदाज जगाला मिळाला. तो वाचक कोण होता, त्याचा पगार किती होता, हे कोणी विचारीत नाही. आम्ही विचारतो, कारण आमचा धंदाच तो आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडणार. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ट्रामला विरोध करीत वेळ दवडला नाही. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागेस जागा निवडली, चुंबकत्व नसलेला दगड वापरून इमारत बांधविली, आणि १९०४ ते १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग येथे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालविल्या. जुनी वही नव्या वहीला नीट सांधली जावी म्हणून. मुंबईची विजेची ट्राम १९०७ साली धावली आणि १९६४ साली बंदही झाली. अलिबागेची नोंद चालू आहे. त्याच पहाऱ्याचे पुढचे पाऊल म्हणजे आपले आदित्य-एल१ हे यान. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूच्या आपल्या जागी पोहोचले. त्यावरील सूर्याची चित्रे घेणारी एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे. सौरवारा तेथून आपल्या उंबरठ्यापर्यंत येण्यास साधारण एक तास लागतो. तेवढाच इशाऱ्याचा अवधी.

बंधुभगिनींनो, आता आटोपते घेतो. भिंत असती तर ती एकदा बांधून माणसाला झोपता आले असते. हा उंबरठा वाहत्या कणांनी क्षणोक्षणी घडतो आणि क्षणोक्षणी मोडतो. कोणते दार केव्हा उघडेल हे वाऱ्याच्या दिशेवर ठरते. अशा सीमेची राखण जागे राहूनच करावी लागते. कुलाब्याच्या त्या अनाम वाचकापासून चंद्रकोर टिपणाऱ्या यंत्रांच्या कारागिरांपर्यंत सर्वांनी हेच केले : आपल्या पाळीला हजर राहिले आणि जे दिसले ते लिहिले. अशा वेधशाळांवरचा खर्च म्हणजे चैन, असे अंदाजपत्रकाच्या वेळी कोणी म्हणू लागले, तर या मांडवातल्या चार माणसांनी तरी उठून त्यांस उत्तर द्यावे, एवढीच आमची विनंती आहे. आणि घरातल्या मुलाने 'हे कसे चालते?' असे विचारले, तर 'तुला कशाला हवे?' असे त्याला म्हणू नये.